मधल्या भिंतीवरचा जळका प्लग

मित्रांनो, मी एक जुना प्लग आहे. ज्याला भिंतीवर लाकडी ठोकळ्यावर बसवतात, आणि ज्याच्या भोकांत पिन खोचतात, तो. एका बाजूने मी करपलो आहे. माझ्या तीन भोकांपैकी एक भोक आता भोक राहिलेलं नाही, तिथे नुसता काळा खड्डा आहे. माझ्याकडे बघून कोणी म्हणणार नाही की मीही एके काळी चकचकीत होतो. पण होतो.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. बेकेलाइट नावाच्या कडक प्लास्टिकची काळी पूड गरम साच्यात घालून वरून दाबली, की माझ्यासारखा प्लग तयार होतो. साच्यातून निघालो तेव्हा माझ्या पाठीत पितळी नळ्या आणि स्क्रू बसवले गेले. बेकेलाइट वितळत नाही, याचा आम्हाला फार अभिमान असतो. पण ते करपतं, हे आम्हाला कोणी सांगत नाही. ते ज्याचं त्याला अनुभवाने कळतं.

खोक्यात बसून मी नगरला आलो. माळीवाड्यातल्या एका घरात राधाकृष्ण नावाच्या वायरमनने मला बसवलं. घर सूर्यभानचं होतं. सूर्यभान मूळचा मिरजगावचा. तिथे त्याची शेती होती, आणि नगरला तो धान्याची दलाली करायचा. घराच्या मधोमध फळ्यांची एक भिंत होती. पुढचा भाग त्याचा, मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या. मी त्या मधल्या भिंतीवर मागच्या बाजूला होतो. माझ्या बरोबर पाठीमागे, सूर्यभानच्या माजघरात, मीटर आणि फ्यूज होते. त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं मला ऐकू यायचं. अख्ख्या घराला फ्यूज एकच.

सुरुवातीला मागच्या खोलीत सूर्यभानचा रेडिओ होता आणि तो माझ्यावर चालायचा. संध्याकाळी बाजारभाव ऐकायला गल्लीतली माणसं यायची. "काय स्वच्छ आवाज येतोय!" असं कोणी म्हणालं, की सूर्यभान माझ्याकडे बोट दाखवायचा. "पलग चांगल्यातला घातलाय." माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर तेवढंच.

मग त्या खोल्या दीनाबाईंना भाड्याने गेल्या. दीनाबाई मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. नवरा एलिया भंडारदऱ्याला धरणाच्या कामावर होता, सुट्टी मिळाली की यायचा. घरात त्या आणि सासरे आमोस, दोघंच. पहिली काही वर्षं बरी गेली. सूर्यभानची बायको साळूबाई मास्तरीणबाईंकडून भाचीची आलेली पत्रं वाचून घ्यायची. मात्र उंबऱ्याबाहेर उभी राहून. आत कधी आली नाही.

वैर कशावरून सुरू झालं ते सांगतो. सूर्यभानच्या मुलाचं, गोरक्षचं लग्न ठरलं. नव्या जोडप्यासाठी मागच्या खोल्या हव्या होत्या. दीनाबाईंनी नगर पालथं घातलं. पण खाटेला खिळलेला म्हातारा बरोबर आहे म्हटल्यावर कोणी खोली दाखवेना. काहींनी आडनाव विचारून दार लावलं. आमोसमामांना, म्हणजे दीनाबाईंच्या सासऱ्यांना, तोवर अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. काही हवं असलं की ते डाव्या हाताने पितळी पेला खाटेच्या लोखंडावर आपटायचे.

"खोली कवा खाली करताय?" सूर्यभानने अंगणातून विचारलं.

"मिळाली की करते. सासऱ्यांना रस्त्यावर झोपवू का?"

"ते मला इचारू नगा. माझं घर हाय, तुमचा दवाखाना न्हाई."

त्या दिवसापासून त्या घरात सरळ शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. सूर्यभानने मोरीतला दिवा काढून नेला. अंगणात वाळत घातलेल्या चादरी खाली पाडल्या जायच्या. दीनाबाईही काही कमी नव्हत्या. त्यांनी घरभाड्याच्या कायद्याचं पुस्तक आणलं आणि सूर्यभानला ऐकू जाईल अशा आवाजात ते वाचत बसायच्या. मला दोघांचाही राग यायचा. फळीच्या या बाजूला एक जळत होतं, त्या बाजूला दुसरं.

मामांच्या चादरी रोज घाण व्हायच्या. गल्लीतल्या परटाने त्या घ्यायला नकार दिला. शाळेतून आलं की दीनाबाई मोरीत बसून त्या धुवायच्या. सोड्याने त्यांच्या हातांची सालं निघाली होती. खडू धरला तरी बोटं चुरचुरायची. मिशनच्या बंगल्यातल्या मडमबाईंनी ते हात पाहिले. त्या कायमच्या विलायतेला परत निघाल्या होत्या. जाताना त्यांनी आपलं कपडे धुण्याचं मशीन दीनाबाईंना देऊन टाकलं.

हातगाडीवरून ते मशीन गल्लीत शिरलं तेव्हा सगळी गल्ली दारात आली. पांढरं, पिंपाएवढं, वर कपडे पिळायला रबराचे दोन रूळ. आत पाणी तापवायची सोयसुद्धा. बायका रुळांना हात लावून बघत होत्या. सूर्यभान ओट्यावरून म्हणाला, "आता तर मुक्कामच ठोकला म्हनायचा."

मशीनची पिन मोठी होती, माझ्या भोकांत मावेना. राधाकृष्णला बोलावलं. त्याने मशीनमागची पाटी वाचली, मला निरखलं आणि मान हलवली.

"बाई, ह्यो पलग रेडिओपुरता हाय. ह्या मशीनीला मोठा पॉइंट पायजे, मीटरपासनं वेगळी जाड लाइन वढून."

"मडमबाईही तेच म्हणाल्या होत्या," दीनाबाई म्हणाल्या. "मी मालकांना विचारते."

सूर्यभानने ऐकून घेतलं आणि हसला. "भितीला एक खिळा ठोकू द्यायचो न्हाई. खोली खाली करा, मग जाल तिथं खुशाल वढा लाइन."

"सगळा खर्च मी देते."

"तुमी चंद्र आनून द्या. न्हाई म्हंजी न्हाई."

दीनाबाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "लहान पिन बसवून द्या," त्या राधाकृष्णला म्हणाल्या.

"मोटरपुरतं चालंल. पर पानी तापवायचं बटन दाबू नगा. दाबलं तर माझ्याकडं येऊ नगा." आणि त्याने पिन बदलून दिली. जाताना त्याने माझे स्क्रू आवळायला हवे होते. घाईत तो विसरला.

मित्रांनो, त्या मशीनचा मी मनापासून द्वेष केला. रेडिओ माझ्याकडून घोटभर वीज प्यायचा. हे धूड सुरू होताना मला असा हिसका द्यायचं की पितळ थरथरायचं. तरी मोटर चालायची तोवर मी सोसलं. दीनाबाईंचे हात हळूहळू बरे झाले. शनिवारी सकाळी त्या रूळ फिरवताना गुणगुणायच्या, आणि मामा खाटेवरून त्यांच्याकडे बघत डाव्या गालाने हसायचे. तेवढा वेळ माझा राग थोडा निवायचा.

मग बहात्तर साल उजाडलं. पावसाने नगर जिल्ह्याकडे पाठ फिरवली. रॉकेलच्या रांगा लागल्या. मामांच्या पाठीला जखमा झाल्या, आणि डॉक्टरांनी बजावलं, चादरी उकळत्या पाण्यात काढल्याशिवाय वापरू नका. स्टोव्हला रॉकेल नव्हतं. दीनाबाईंनी मशीनचं ते दुसरं बटण दाबलं.

फटकन फ्यूज उडाला. दोन्हीकडचा पंखा, रेडिओ, सगळं बंद.

"बाई!" फळीपलीकडून सूर्यभान ओरडला. "माझं घर बंद पाडलं व्हय!"

"वेगळी लाइन द्या, पडणार नाही बंद!"

त्याने फ्यूजला नवी तार घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा उडाला. मग त्याने दीनाबाईंना अद्दल घडवायला फ्यूजच काढून खिशात ठेवला. पण फ्यूज एकच. त्याच्या पुढच्या भागातही पंखा फिरेना, आणि नेमके त्याच दिवशी गोरक्षचे होणारे सासरचे लोक लग्नाची तारीख ठरवायला आले होते. पाहुणे धोतराच्या सोग्याने वारा घेत बसले. त्यांच्यासमोर सूर्यभानची अब्रू गेली.

पाहुणे गेल्यावर तो माजघरात आला. माझ्या पाठीशी खुडबुड ऐकू आली.

"अवो, एवढी जाड तार?" साळूबाईचा आवाज.

"आता बघतो कसा उडतोय."

"राधाकृष्नाला तरी इचारा."

"गप बस तू."

मित्रांनो, फ्यूजची तार बारीक असते ती उगाच नव्हे. आम्हाला सोसणार नाही इतकी वीज धावली, तर ती आधी जळून जाते आणि बाकीच्यांना वाचवते. सूर्यभानने तिथे जाड तार घातली, त्या दिवसापासून माझ्यामागे माझं कोणी उरलं नाही.

पुढच्या वेळी दीनाबाईंनी बटण दाबलं आणि फ्यूज उडाला नाही. त्या क्षणभर थांबल्या. मधल्या भिंतीकडे त्यांनी बघितलं. मुलींना शिकवणारी बाई ती, तिला समजलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण बादलीत मामांच्या चादरी पडल्या होत्या. त्यांनी बटण तसंच चालू ठेवलं. पाणी तापू लागलं, आणि पाण्याच्या आधी मी तापलो.

सैल स्क्रूपाशी ठिणग्या उडायच्या, तिथे पितळ काळं पडलं. काळं पडलं म्हणून जास्त तापलं, जास्त तापलं म्हणून आणखी काळं पडलं. माझ्या तोंडाभोवती तपकिरी डाग आला. खोलीत कुजक्या मासळीसारखा वास सुटला. मशीन चालू असताना मी बारीक तडतडायचो. ते माझं ओरडणं होतं. एकदा दीनाबाई पिन काढायला गेल्या तेव्हा ती माझ्यात चिकटून बसली होती, आणि त्यांच्या बोटाला चटका बसला.

त्या तडक पुढच्या दारी गेल्या. "प्लग तापतोय. वायरमनला आत येऊ द्या. आग लागेल."

"मशीन बंद करा, थंड हुईल."

"आणि चादरी?"

"माझ्या घराला आग लावायला तुमाला देवानं धाडलंय का?" सूर्यभान रस्त्यावरच्या लोकांना ऐकू जाईल असं बोलला. "बघा रं, ही बाई माझं घर जाळाया बसलीय!"

"जळलं तर तुमच्या हट्टानं जळेल!"

दार आपटलं. दीनाबाईंनी चिकटलेली पिन तशीच माझ्यात राहू दिली. बंद करायचं ते मशीनच्या बटणाने. माझा चटका दोघांनाही ठाऊक होता, आणि दोघंही एकमेकांच्या हरण्याची वाट बघत होते.

तो शनिवारचा दिवस होता. सकाळची शाळा करून दीनाबाई घरी आल्या. अंगणातल्या नळाला कुलूप होतं. टंचाईचं कारण सांगून सूर्यभानने ते लावलं होतं. घरातल्या शेवटच्या पाण्यात त्यांनी चादरी घातल्या, मशीन आणि तापवण्याचं बटण दोन्ही लावलं, आणि खळबळून काढायला पाणी हवं म्हणून घागर घेऊन चौकातल्या नळावर गेल्या. मामांना सांगून गेल्या, "आलेच हं."

रांग मोठी होती.

माझ्या आतला स्क्रू लाल झाला. मी करपू लागलो. माझ्या पाठीचा लाकडी ठोकळा आधी धुरकटला, मग त्याने पेट घेतला. त्याच्यावर वायरची लाकडी पट्टी होती, आणि तिला लागून खिडकीचा पडदा. मामांच्या डोळ्यांत मला मीच दिसत होतो, पिवळा आणि वाढणारा. त्यांनी पेला उचलला आणि खाटेवर आपटायला सुरुवात केली.

फळीपलीकडे सूर्यभान जेवायला बसला होता.

"अवो, म्हातारबा ठोकतोय," साळूबाई म्हणाली.

"ठोकू दे. रोजचंच हाय."

"आज लई जोरात ठोकतोय."

"त्येची सून हाय की. आपून काय त्येचं नोकर?"

पेला आपटत राहिला. आयुष्यात इतका निर्दय आवाज मी ऐकला नाही, आणि तो आवाज पेल्याचा नव्हता. पलीकडे कोणी तरी शांतपणे भाकरी मोडत होतं, त्याचा होता.

मग फळ्यांच्या फटीतून धूर माजघरात गेला. ताट सरकल्याचा आवाज झाला. सूर्यभान पाण्याची बादली घेऊन अंगणातून मागच्या दाराने आत आला. भिंत पेटलेली बघून त्याने बादली उचलली, माझ्यावर फेकायला. आणि दारातून किंकाळी आली.

"पाणी नको! करंट आहे! आधी फ्यूज काढा!"

घागर टाकून दीनाबाई धावत आल्या होत्या. सूर्यभान बादली धरून तसाच उभा राहिला. त्या बाईचं ऐकायची त्याला सवय नव्हती. एक श्वासभर मला वाटलं, तो पाणी फेकणारच. फेकलं असतं तर तो तिथेच पडला असता.

"सूर्यभानराव, तुमच्या पाया पडते! फ्यूज!"

तो वळला आणि पळाला. फ्यूजची चिनी मातीची मूठ आतल्या जाड तारेने निखाऱ्यासारखी तापली होती. त्याने ती उघड्या उजव्या हाताने धरली आणि ओढली. त्याचा ओरडा मला फळीतून ऐकू आला. माझ्यातली वीज थांबली.

दीनाबाई मामांना गोधडीसकट ओढत होत्या, पण पडदा खाटेवर कोसळला होता आणि जडशीळ देह एकटीला हलेना. तेव्हा साळूबाई आत आली. उंबरा ओलांडून. तिने गोधडीचं दुसरं टोक धरलं. "उचला, बाई," एवढंच म्हणाली. दोघींनी मामांना अंगणात नेलं. त्यांचे पाय भाजले होते, पण जीव वाचला. पेला अजून मुठीत होता. सूर्यभानने डाव्या हाताने बादली ओतली, मग दुसरी, मग नळाचं कुलूप दगडाने फोडून तिसरी.

गल्ली जमली. "त्या मशीनीनंच आग लावली," असं जो तो म्हणू लागला. राधाकृष्ण आला. त्याने मला भिंतीवरून उपसलं, मग माजघरात जाऊन फ्यूज आणला आणि आतली जाड तार सगळ्यांसमोर बाहेर ओढली. सूर्यभानचा चेहरा उतरला. आता पोलिसांत जायचं तर दीनाबाईंच्या हातात सगळं होतं.

दीनाबाई मामांच्या पायांशी बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. "मशीन माझं," त्या म्हणाल्या. "प्लग तापतोय हे दिसत होतं, तरी मी लावलं. तार तुमची."

सूर्यभान भाजलेला हात छातीशी धरून उभा होता. तो बोलला ते राधाकृष्णकडे बघून. "वेगळी लाइन वढ. जाड. मोठा पॉइंट बशीव. खाली जस्ताचा पत्रा ठोक." मग दीनाबाईंकडे न वळता म्हणाला, "अन् हिला सांग, माझ्याशी बोलू नगं."

"मलाही बोलायचं नाही," दीनाबाई म्हणाल्या.

आणि तसंच झालं. गोरक्षचं बिऱ्हाड दुसरीकडे थाटलं. मामांचे पाय बरे झाले. माझ्या जागी मोठा, दणकट पॉइंट आला, त्याच्यासाठी वेगळा फ्यूज, त्यात योग्य तेवढीच तार. राधाकृष्णने मला अंगणात भिरकावलं होतं. दीनाबाईंनी मला उचललं आणि खिडकीत ठेवलं. अजून तिथेच आहे.

मित्रांनो, आम्हाला तोंड नसतं. आमचं बोलणं म्हणजे ऊब, वास, डाग आणि तडतड. तुमच्या घरात कपड्यांची इस्त्री किंवा मशीन लावल्यावर प्लग तापला, काळवंडला, तर तुम्ही त्याला हात लावू नका. मोठ्या माणसांना सांगा. ते म्हणतील, "चालतंय." तरी पुन्हा सांगा. मशीन बंद करायला लावा, जाणता वायरमन येईपर्यंत चालू करू देऊ नका. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणी जाड तार घालत असेल, तर त्याला अडवा. तापलेला प्लग कोणाचं चुकलं ते बघत नाही. तो ज्या बाजूला लाकूड असेल त्या बाजूला पेटतो.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते वेगळंच. नवा पॉइंट बसल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मशीन लागलं. पाणी तापायला लागलं तेवढ्यात मागचं दार ढकलून सूर्यभान आत आला. दीनाबाई ताठ उभ्या राहिल्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही, मामांकडेही नाही. उजव्या तळव्याची कातडी मेली होती, त्याला ऊन-गार कळत नसे. म्हणून त्याने डाव्या हाताची मागची बाजू पॉइंटवर अलगद टेकवली. थोडा वेळ धरली. मग तो निघून गेला.

पुढच्या शनिवारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. एकदा पॉइंट त्याला जरासा कोमट लागला. एक शब्द न बोलता त्याने पुढे जाऊन त्या लाइनचा फ्यूज काढला आणि राधाकृष्णला घेऊन आला. एक स्क्रू सैल झाला होता. तो आवळला, आणि सूर्यभान पुन्हा तसाच गेला.

दीनाबाई त्या खोलीत आणखी कित्येक वर्षं राहिल्या. त्या दोघांमध्ये एक अक्षरही बोललं गेलं नाही. पण शनिवारी मशीन लावण्याआधी दीनाबाई उठायच्या आणि मागच्या दाराची कडी काढून ठेवायच्या.